अकरावं उपकरण

"ज्या कर्त्या माणसाला आपल्या घरात कोण आहे आणि कोण नाही हे सांगता येत नाही, त्याचं ते घर नव्हे, धर्मशाळा," असं म्हणून चिंतामणी आठल्यांनी टीव्हीचं बटण खटकन बंद केलं. पंखा थांबला.

"त्याच्या वरचं, बाबा," शंतनु सोफ्यावरून म्हणाला.

मग टीव्ही बंद झाला. चिंतामणींनी डाव्या हातातला मोबाइल नाकाजवळ धरला, यादीतली टीव्हीपुढची हिरवी टिकली राखाडी होईपर्यंत वाट पाहिली आणि उजव्या हाताने वहीत खूण केली. वही लाल शाईने आखलेली होती. अनुक्रमांक, उपकरण, कोणाच्या ताब्यात, शेरा.

"पुढे. प्रिंटर."

मनवाने पायाच्या अंगठ्याने प्लगचं बटण दाबलं. रविवारी सकाळी अकरा वाजता सगळ्या घराला हॉलमध्ये बसवून आपापली यंत्रं बंद करायला लावायचा हा प्रकार किती वेळ चालेल, असं तिने सासऱ्यांना दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा "नियमाप्रमाणे" असं उत्तर मिळालं होतं.

"बंद," ती म्हणाली.

"बंद नाही. हजेरी चालू आहे. गैरहजर म्हणायचं."

"गैरहजर," मनवा म्हणाली आणि नवऱ्याकडे पाहिलं. नवरा छताकडे पाहत होता.

प्रकार असा होता. गिरगावातल्या या घरात इंटरनेटची जी डबी भिंतीवर ठोकलेली होती, तिला कोण कोण जोडलेलं आहे हे दाखवणारं एक ॲप शंतनुने मागच्या दिवाळीत वडिलांच्या मोबाइलवर टाकून दिलं होतं. त्यांना विरंगुळा, एवढाच हेतू. चिंतामणींनी फोर्टातल्या एका विमा कंपनीत चौतीस वर्षं हजेरीपट सांभाळला होता. दहा वाजून दहा मिनिटांनी लाल रेघ ओढण्याबद्दल त्यांची तीन मजल्यांवर ख्याती होती. त्यांच्या निरोपसमारंभाला बरीच मंडळी मुद्दाम उशिरा आली, ती त्यामुळेच. निवृत्तीनंतर रेघ ओढायला काही उरलं नव्हतं. ॲपमध्ये दहा नावं निघाली. शंतनुचे दोन मोबाइल, मनवाचा मोबाइल, तिचा लॅपटॉप, बायकोचा म्हणजे कालिंदीबाईंचा मोबाइल, 'बाबा' या नावाने त्यांचा स्वतःचा मोबाइल, टीव्ही, प्रिंटर, अप्पांच्या खोलीतला एसी आणि बोललं की उत्तर देणारी ती काळी डबी. चिंतामणींना आपला विभाग परत मिळाल्यासारखं झालं.

मग गणपती झाल्यावरच्या मंगळवारी अकरावं आलं. त्याला नाव नव्हतं. नुसती बारा अक्षरं आणि आकडे, मधे टिंबं, आणि खाली 'अनोळखी उपकरण'.

मंगळवार ते शनिवार चिंतामणींनी त्याच्यावर पाळत ठेवली. सकाळी दहा ते सायंकाळी साडेपाच. साडेपाचनंतर हजेरी घ्यायची असते हे त्यांना आयुष्यात कधी सुचलं नव्हतं. दर तासाला त्यांनी पाहिलं, आणि दर तासाला ते हजर होतं. इतका नियमित इसम त्यांना कंपनीत एकही भेटला नव्हता, आणि म्हणूनच त्यांचा संशय वाढत गेला. त्यात बिल्डिंगच्या ग्रुपवर एक संदेश फिरत होता: घरकामाच्या बाया चोरून एक फोन घरात ठेवून जातात, तो सगळं ऐकतो, सगळं बघतो, सावध राहा, दहा जणांना पाठवा. चिंतामणींनी तो दहा जणांना पाठवला होता.

"काळी डबी."

"गैरहजर," शंतनु म्हणाला.

"अप्पांचा एसी."

"तो पाच मिनिटंच बंद ठेवा हं," कालिंदीबाई आतल्या दाराशी उभ्या होत्या. "त्यांना घाम येतो."

एसी बंद झाला. आता यादीत दहाही टिकल्या राखाडी होत्या. त्यांतली 'बाबा' ही तर पहिल्यापासूनच राखाडी होती. तिच्याकडे चिंतामणींनी लक्ष दिलं नाही. हजेरीपट ज्याच्या टेबलावर, त्याची सही त्या हजेरीपटात नसायची. ती साहेबांच्या केबिनमधल्या वेगळ्या वहीत असायची. चौतीस वर्षांत त्यांनी स्वतःचं नाव आपल्या यादीत कधी शोधलं नव्हतं.

खाली, सगळ्यांच्या खाली, एक टिकली हिरवी होती.

"आहे," चिंतामणी हळू आवाजात म्हणाले. "या क्षणी आहे. घरात आहे."

पंखा बंदच राहिला होता. तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला.

"अप्पानू, आं करा. हां. आता गिळा. गिळलात? दाखवा बघू."

चौघांनीही एकदमच त्या दाराकडे पाहिलं.

आत लक्ष्मी होती. अप्पांना, म्हणजे चिंतामणींच्या त्र्याण्णव वर्षांच्या वडिलांना, तीन वर्षांपूर्वी झटका आला, त्यानंतर डॉक्टरांनी माणूस ठेवायला सांगितला आणि कुणाच्या तरी ओळखीने परळहून ही बाई आली. सकाळी आठ ते रात्री आठ. वय पन्नाशीच्या पुढे. आठवड्याची सुट्टी ती घेत नसे; गणपतीला सगळ्या सुट्ट्या एकदम घेऊन गावी जाई. झटक्याने अप्पांचं गिळणं गेलं होतं. म्हणजे गेलं नव्हतं, ते त्यांना आठवत नसे. तोंडात घास घेऊन ते तसेच बसून राहत. लक्ष्मी त्यांना उशांनी ताठ बसवी, हनुवटी खाली करी, अर्धा चमचा पेज घाली आणि गावच्या विहिरीची, कुणाच्या तरी पळालेल्या रेड्याची गोष्ट सांगत त्यांच्या गळ्याकडे पाहत राही. गळा हलला की पुढचा अर्धा चमचा. एका वाटीला दीड तास लागे. दुसऱ्या कुणाच्या हातून अप्पा खात नसत. ती गावी गेली त्या आठ दिवसांत त्यांचं वजन अडीच किलो उतरलं होतं.

"ती सोमवारी गावाहून आली," चिंतामणी म्हणाले. "हे मंगळवारी आलं."

"अहो, काहीतरीच," कालिंदीबाई म्हणाल्या.

"मी काही म्हणत नाही. तारखा म्हणतायत."

त्यांनी लक्ष्मीला हॉलमध्ये बोलावलं. ती पदराला हात पुसत आली.

"लक्ष्मीबाई, तुमचा फोन जरा दाखवा."

लक्ष्मीने कमरेच्या पिशवीतून फोन काढून दिला. तो बटणांचा होता आणि मागचं झाकण रबरबँडने बांधलेलं होतं.

"यावर नेट नाय येत, काका," ती म्हणाली. "यावर माणूसपण धड येत नाय."

शंतनु हसला. चिंतामणी हसले नाहीत. त्यांनी फोन उलटसुलट करून पाहिला, बंद केला, यादी पाहिली. हिरवी टिकली हिरवीच.

"मग दुसरा कुठे आहे?"

"दुसरा?"

"दुसरा फोन."

लक्ष्मीने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. मनवा प्लगचं बटण परत चालू करण्यात गुंतली होती.

"अप्पानूंच्या तोंडात घास आहे," लक्ष्मी म्हणाली आणि आत गेली.

बाईकडे साधा फोन आहे, म्हणजे हुशार फोन लपवलेला असणार, हे चिंतामणींना दुपारच्या चहापर्यंत स्वच्छ दिसू लागलं. उघड फोन असता तर लपवायची गरजच काय होती? त्यांनी हे शंतनुला समजावून सांगितलं. शंतनुने चहात बिस्किट बुडवलं, ते तुटून आत पडलं.

"बाबा, त्या नावावर बोट दाबा, ब्लॉक म्हणून येतं, संपलं. कोणाचा का असेना."

"चौकशी पूर्ण झाल्याशिवाय पटावरून नाव कमी करता येत नाही."

"आणि बाईला कमी करता येतं?" मनवाने विचारलं.

"ती रोजंदारीवर आहे," चिंतामणी म्हणाले.

कालिंदीबाईंनी कपबशा गोळा केल्या. "तिच्याशिवाय अप्पांना भरवणार कोण? तुम्ही?"

"ब्युरोतून शिकलेली सिस्टर मिळते. आजच फोन करतो."

लक्ष्मीला त्यांनी संध्याकाळी साडेपाचच्या आत सांगितलं. तिने का म्हणून विचारलं नाही. आपला स्टीलचा पेला, कंगवा आणि तेलाची बाटली पिशवीत घातली. पिशवी उघडीच चिंतामणींच्या समोर धरली, त्यांनी वर वर पाहिल्यासारखं केलं. मग ती अप्पांच्या कानाशी वाकली.

"येतंय हां, अप्पानू."

अप्पांनी तोंड उघडलं. घास येणार असं त्यांना वाटलं असावं.

रात्री जेवणाआधी चिंतामणींनी बिल्डिंगच्या ग्रुपवर सूचना टाकली. भाषा संयमित होती. आमच्याकडील परिचारिका श्रीमती लक्ष्मी घाडी यांना काही कारणास्तव कमी करण्यात आले आहे, घरात अनोळखी उपकरण आढळले असून चौकशी चालू आहे, सर्वांनी आपापल्या घरी दक्षता घ्यावी. सव्वीस जणांनी हात जोडले.

सोमवारी सकाळी दहा वाजता त्यांनी चष्मा लावून यादी उघडली. अकरावं उपकरण हजर होतं.

चिंतामणींनी तसं लिहिलं. मग बराच वेळ पेन हातात धरून बसले. याचा अर्थ एकच होता: ती फोन घरातच ठेवून गेली होती. त्यांनी अप्पांच्या खोलीपासून सुरुवात केली. औषधांचा खण, कपाटाची माथ्यावरची फळी, डायपरचं खोकं. नव्या सिस्टरच्या मदतीने अप्पांना उचलून खुर्चीत बसवलं आणि गादी उभी केली. अप्पा खुर्चीत एका बाजूला कलंडून त्या उभ्या गादीकडे पाहत होते. गादीखाली एक चमचा सापडला. मंगळवारी स्वयंपाकघर झालं, बुधवारी पोटमाळा. चमच्याची नोंद चिंतामणींनी शेऱ्याच्या रकान्यात केली.

सिस्टर चांगली होती. गणवेश घालून यायची, वेळेवर यायची. तिने अप्पांची वाटी बारा मिनिटांत संपवली तेव्हा चिंतामणींनी कालिंदीबाईंकडे पाहिलं होतं. त्या दिवशी दुपारी अप्पा खोकायला लागले ते थांबले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ओठ मिटून घेतले. कालिंदीबाईंनी गोड बोलून पाहिलं, रागावून पाहिलं, मनवाने रजा घेऊन पाहिलं. पेज हनुवटीवरून गळ्यात आणि गळ्यावरून सदऱ्यात जात होती. वाटीतली किती आत गेली आणि किती सदऱ्यात, हे कुणालाच सांगता येईना.

पुढच्या मंगळवारी ताप आला. डॉक्टरांनी पाठीला नळी लावून ऐकलं आणि कानातून काढून गळ्यात टाकली.

"घास श्वासाच्या वाटेने गेलाय. छातीत पाणी झालंय. औषध देतो, पण पोटात काही गेलं पाहिजे. आधी ती बाई होती ना, मालवणीत बोलायची? कुठेय ती?"

कालिंदीबाई अप्पांचं पांघरूण सारखं करू लागल्या.

"तिला बोलवा," डॉक्टर म्हणाले. "नाहीतर नाकातून नळी. या वयात ते ओढून काढतात. मग हात बांधावे लागतात. बघा तुम्ही. एक-दोन दिवसांचा प्रश्न आहे."

डॉक्टर गेल्यावर चिंतामणी हॉलमधल्या खुर्चीत येऊन बसले. पावणेबारा वाजले होते. त्यांनी यादी उघडली. अकरावं उपकरण हजर होतं, नऊ दिवसांपूर्वी होतं तसंच, ताजंतवानं. आतून अप्पांचा खोकला येत होता. चिंतामणींनी त्या बारा अक्षरांवर बोट दाबून धरलं. 'ब्लॉक करायचे?' असं आलं. चौकशी पूर्ण झालेली नव्हती. त्यांनी 'होय' दाबलं.

यादी गोल गोल फिरू लागली आणि फिरतच राहिली. मोबाइलच्या माथ्यावरचा वायफायचा पंख्यासारखा आकार नाहीसा झाला.

"मनवा, नेट गेलं का गं?"

"नाही बाबा," मनवा आतून म्हणाली. "मी मीटिंगमध्ये आहे."

चिंतामणींनी मोबाइलचं सिमवरचं नेट चालू केलं. ॲप उघडलं. टीव्ही हजर, प्रिंटर हजर, लॅपटॉप हजर. अकरावं 'ब्लॉक केलेले' या मथळ्याखाली होतं. त्यांनी त्याला मोकळं केलं. पंखा परत आला. पुन्हा ब्लॉक केलं. पंखा गेला. असं त्यांनी पाच वेळा केलं. पाचव्या वेळी त्यांची नजर वर 'बाबा' या ओळीवर गेली आणि तिथेच राहिली. तिच्यापुढे बारीक अक्षरांत शेवटच्या हजेरीची तारीख होती. गणपतीनंतरचा सोमवार.

त्यांनी शंतनुला ऑफिसात फोन लावला.

"एखादा मोबाइल आपला तोच राहून यादीत नवीन म्हणून येऊ शकतो का?"

"येतो ना. अपडेट झाला की काही फोन आपोआप नवा पत्ता घेतात. कुणी माग काढू नये म्हणून. का, काय झालं?"

"काही नाही. माहितीसाठी."

"अप्पा कसे आहेत? लक्ष्मीबाईंचं काही कळलं?"

"चौकशी चालू आहे," चिंतामणी म्हणाले.

त्या सोमवारी रात्री झोपताना मोबाइलने कसली तरी परवानगी मागितली होती आणि त्यांनी ती दिली होती, हे त्यांना आता आठवलं. मजकूर लांबलचक होता, त्यांनी वाचला नव्हता. न वाचता सही करणाऱ्यांबद्दल कंपनीत त्यांचं मत फार वाईट होतं.

"मी परळला जाऊन येतो," त्यांनी कालिंदीबाईंना सांगितलं.

"पाया पडायला लागलं तरी पडा," त्या म्हणाल्या आणि पत्ता लिहिलेला कागद त्यांच्या खिशात घातला. त्याच खिशात मोबाइल होता.

लक्ष्मीची चाळ गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीच्या सावलीत होती. दुसऱ्या मजल्यावर, दारासमोरच्या गॅलरीत ती सूप मांडीवर घेऊन सुकट निवडत बसली होती. चिंतामणींना पाहून तिने सूप बाजूला ठेवलं.

"येवा काका. पूर्वी, पाणी हाड गो."

पूर्वीने, म्हणजे तिच्या सुनेने, पाणी आणून दिलं. चिंतामणी खुर्चीच्या कडेला बसले. सुकटीच्या वासात श्वास कुठून घ्यावा हे ठरेपर्यंत थोडा वेळ गेला.

"अप्पानू जेवतत मा?"

"नाही," चिंतामणी म्हणाले. "म्हणूनच आलो. डॉक्टर म्हणाले, तुम्हाला बोलवा. आजच."

लक्ष्मीने सुकटीतला एक खडा बोटाने उडवला.

"चौकशीचं म्हणाल तर," त्यांनी घसा साफ केला, "तुमच्याविरुद्ध काही सिद्ध झालेलं नाही."

"म्हणजे माझा नव्हता तो."

"सिद्ध झालेलं नाही."

"मग कोणाचा होता?"

गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी कुकरच्या शिट्या मोजत होतं. चिंतामणींनी पेला तोंडाला लावला. त्यात पाणी संपलेलं होतं.

"ते अद्याप कळलेलं नाही," ते म्हणाले.

लक्ष्मी त्यांच्याकडे पाहत राहिली. अप्पांच्या गळ्याकडे पाहत असे तशी, उतावीळ न होता. चिंतामणींनी पेला खाली ठेवला.

"मग मी कशी येऊ, काका? तुमच्या त्या यादीत उद्या आणखी कायतरी दिसेल. मग परत माझी पिशवी बघणार." ती हे भांडल्यासारखं म्हणाली नाही. "तुमच्या खाली दुसऱ्या मजल्यावर मी जायची ना रात्री, काकूंना इंजेक्शन द्यायला? त्या म्हणाल्या, लक्ष्मी, सध्या नको येऊस, ग्रुपवर आलंय. माझं नाव वाचून दाखवलं मला. आडनावासकट."

"त्याला इतके दिवस झाले..."

"नाव अजून तिथेच आहे ना? तिथेच टाका, की लक्ष्मीचा नव्हता. अमक्याचा होता. जो कोण असेल त्याचा. त्याचं नाव कळूंदे, मी त्याच पावली निघते. अप्पानूंसाठी माझा जीव तुटतो, देवाशपथ. पण परत दारात उभी राहून लोकांची तोंडं नाय बघणार मी."

"अप्पांकडे एक-दोन दिवस आहेत," चिंतामणी म्हणाले.

"नावाला कितीसा वेळ लागतो?"

खिशातला मोबाइल थरथरला. कालिंदीबाईंचा फोन होता. चिंतामणींनी तो वरूनच दाबून गप्प केला.

ते उठले तेव्हा लक्ष्मीनेच त्यांना थांबवलं. "पेज पातळ नको. पातळ केली की ठसका लागतो. दाट, सायीसारखी. अर्धा चमचा. हनुवटी खाली. गळ्याची गाठ वर जाऊन खाली आली की मगच पुढचा. घाई नाय करायची आणि गप्प नाय बसायचं. बोलत राहायचं, मग ते गिळायचं विसरत नाहीत."

चिंतामणींनी सगळं पत्त्याच्या कागदाच्या मागे लिहून घेतलं. मुद्द्यांना आकडे घातले.

परतीच्या बसमध्ये त्यांना खिडकी मिळाली. लालबागच्या सिग्नलला त्यांनी मोबाइल काढून ग्रुप उघडला. मजकूर एका दमात सुचला. उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर अनोळखी उपकरण श्रीमती लक्ष्मी घाडी यांचे नसून... इथे ते थांबले. 'घरातीलच एका सदस्याचे' असं लिहिलं, पुसलं. लक्ष्मीने नाव मागितलं होतं. 'तांत्रिक कारणामुळे' असं लिहिलं, पुसलं. 'निवेदकाचे' असं लिहिलं. निवेदक म्हणजे कोण, हे सव्वीस जणांत कुणालाच न कळण्याची थोडी आशा होती, पण लक्ष्मीला वाचून दाखवणाऱ्या काकू मराठीच्या शिक्षिका होत्या. भायखळा गेलं. जेजेचा पूल आला. ते पुन्हा पहिल्या ओळीवर आले आणि 'नसून' नंतर स्वतःचं नाव घातलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. चिंतामणी विष्णू आठल्ये. छान दिसत होतं. निवृत्तीच्या पत्रावर असंच होतं.

तोवर साडेपाच वाजून गेले होते. अशी पत्रं दिवसाच्या शेवटी काढायची नसतात, लोक रात्रभर त्याचे अर्थ लावत बसतात. सकाळी दहा वाजता पाठवू, असं ठरवून त्यांनी मोबाइल खिशात ठेवला. मजकूर आहे तसाच राहिला.

"येते का?" दार उघडत कालिंदीबाईंनी विचारलं.

"उद्या."

कालिंदीबाईंनी देवाला हात जोडले.

सात वाजता सिस्टरला बाजूला करून चिंतामणी स्वतः अप्पांच्या पलंगाशी बसले. पेज कालिंदीबाईंनी कागदात लिहिल्याप्रमाणे सायीसारखी केली होती. उशा लावल्या, हनुवटी खाली केली, अर्धा चमचा ओठांशी नेला. अप्पांनी ओठ मिटले. बोलत राहायचं होतं. चिंतामणींना विहीर माहीत नव्हती, रेडाही माहीत नव्हता. त्यांनी कंपनीतल्या माणसांची नावं सांगायला सुरुवात केली, हजेरीपटात होती त्या क्रमाने. अभ्यंकर. आचरेकर. उपळेकर. कदम दोन. अप्पांनी डोळे उघडले. गादीवरून हात सरकवत त्यांनी चिंतामणींचं मनगट चाचपलं.

"लक्ष्मी?" ते म्हणाले. आठ दिवसांतला हा पहिला शब्द होता.

दुसऱ्याची हजेरी लावल्याबद्दल चिंतामणींनी आयुष्यात सात माणसांवर कारवाई केली होती. त्यांतल्या एकाची बढती गेली होती.

"आहे, अप्पा," ते म्हणाले.

अप्पांनी तोंड उघडलं. गळ्याची गाठ वर गेली, खाली आली. तीन चमचे गेले. चौथ्याला त्यांनी मनगट नीट चाचपून पाहिलं, घड्याळाच्या पट्ट्याला बोटं लागली, आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यानंतर नावं सांगून उपयोग झाला नाही.

अप्पा पहाटे पावणेपाचला गेले.

दहा वाजता घरात माणसं होती, चंदनवाडीची गाडी यायची होती, आणि ग्रुपवर दुसरी सूचना टाकावी लागली. ती शंतनुने टाकली. एकसष्ट जणांनी हात जोडले.

पाचव्या दिवशी दुपारी लक्ष्मी आली. ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली. चपला काढल्या नाहीत. हॉलमध्ये शंतनु स्टुलावर चढून भिंतीवरची जुनी डबी उतरवत होता. दुसऱ्या कंपनीचा माणूस खाली वायर सोलत बसला होता. त्याची तारीख गणपतीच्या आधीपासून ठरलेली होती, आता रद्द केली तर पुन्हा महिनाभर मिळाली नसती.

"आत ये गं," कालिंदीबाई डोळे पुसत म्हणाल्या.

"नको, काकू." तिने आतल्या खोलीच्या दिशेने हात जोडले. पलंग काढून टाकलेला होता. "मी त्या दिवशी रात्रीपर्यंत वाट बघितली. सुनेच्या फोनवर. म्हटलं, कोणीतरी ग्रुपवरचं पाठवतील. कळलं का ओ, कोणाचा होता तो?"

कालिंदीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. चिंतामणी खुर्चीत होते. मुंडण केल्यामुळे त्यांचा चष्मा सारखा खाली घसरत होता. त्यांनी तो वर केला. तोंड उघडलं.

"ते सगळं काढूनच टाकलं, लक्ष्मीबाई," शंतनु स्टुलावरून म्हणाला. "आता नवीन लावतोय. आता तो प्रश्नच नाही."

लक्ष्मीने मान हलवली. थोडा वेळ थांबली, कुणी आणखी काही बोलेल म्हणून, आणि मग जिना उतरून गेली.

नव्या कंपनीच्या माणसाने डबी लावली, सगळ्यांच्या मोबाइलमध्ये नवा पासवर्ड घातला आणि चिंतामणींच्या मोबाइलवर नवं ॲप टाकून दिलं. त्यात वेग दिसतो, बिलाची तारीख दिसते. जोडलेल्या उपकरणांची यादी दिसत नाही.